तुम्ही विचारलंत म्हणून: मॅनेजर नक्की करतो काय?

"तुम्ही गात नाही, वाजवत नाही, मग करता काय?" रॅप करणाऱ्या दोन पोरांची कामं मी बघतो, आणि हा प्रश्न लग्नाच्या पंगतीतसुद्धा माझा पिच्छा सोडत नाही. सुपारी घेतो, बिदागी ठरवतो, साउंडवाल्याशी भांडतो, असं सांगून वेळ मारून नेता येते. पण तुम्ही मनापासून विचारलंत, तर उत्तर जरा लांबून, न्यूयॉर्कहून आणावं लागेल.

सत्तरच्या दशकात रसेल सिमन्स नावाचा क्वीन्समधला तरुण हार्लेमच्या सिटी कॉलेजात समाजशास्त्र शिकत होता. 1977 मध्ये एका क्लबात त्यानं माइकवर यमकं फेकून गर्दी झुलवणारा माणूस पाहिला, आणि अभ्यास मागे पडला. तो पार्ट्या भरवू लागला, हँडबिलं वाटू लागला. कर्टिस वॉकर हा त्याच कॉलेजातला मित्र, त्याचा झाला कर्टिस ब्लो. 1979 मध्ये मर्क्युरी या रेकॉर्ड कंपनीनं त्याला घेतलं. मोठ्या कंपनीनं करार केलेला हा पहिला रॅपर. तोवर हे गल्लीतलं फॅड आहे, वर्षभरात विरेल, असंच जाणकारांचं मत होतं.

कलाकारांची कामं बघणाऱ्या रसेलच्या कंपनीचं नाव रश. धाकटा भाऊ जोसेफ, म्हणजे 'रन', आणि त्याचे दोन मित्र यांच्या गटाला 'रन-डीएमसी' हे नाव त्यानंच दिलं. पोरांना ते अजिबात आवडलं नव्हतं! तेव्हाचे नामांकित रॅपर स्टेजवर चामड्याचे चकचकीत पोशाख घालून यायचे. गटातला जेसन मिझेल मात्र रस्त्यावर काळी हॅट आणि बिननाडीचे आदिदास घालून हिंडायचा. रसेल म्हणाला, तिघंही असेच स्टेजवर जा. मला विचाराल तर मॅनेजरचं निम्मं काम यातच आलं. नवीन काही शिवून आणायचं नाही, अंगावर आहे ते ओळखायचं.

उरलेलं निम्मं काम भाव ठरवण्याचं. 1985 मध्ये मॅडोनाच्या दौऱ्यासाठी आधी वाजवणारा गट हवा होता. किस्सा असा सांगतात: तिच्या मॅनेजरनं फोनवर फॅट बॉइज हा रॅप गट मागितला. ते रसेलकडे नव्हतेच, पण हा म्हणाला, मोकळे नाहीत. मग रन-डीएमसी? त्यांचे 20,000 डॉलर. परवडेना. तेव्हा यानं हळूच पुढे केले कोणाला फारसे माहीत नसलेले बीस्टी बॉइज, आठवड्याला 500 डॉलर फक्त. मॅडोनाच्या प्रेक्षकांनी त्यांची हुर्यो उडवली, पण नाव तर झालं. फोनवर बसून, हातात नसलेल्या पत्त्यानं डाव खेळणं मला अजून जमलेलं नाही.

पुढच्या वर्षी 'माय आदिदास' हे गाणं आलं. लिओर कोहेन आधी बँकेत होता, आता रशमध्ये आलेला. त्यानं आदिदासच्या माणसांना मॅडिसन स्क्वेअर गार्डनच्या कार्यक्रमाला नेलं. गाण्याआधी रननं लोकांना सांगितलं, बूट वर धरा. हजारो हात वर गेले, प्रत्येकात एक बूट. त्यातून करार झाला दहा लाख डॉलरच्या घरातला. खेळाडू नसलेल्यांना बूटवाल्यांनी असे पैसे देणं तेव्हा अजबच होतं.

सगळं काही गोडच झालं असं नाही. ऑगस्ट 1986 मध्ये लाँग बीचला टोळ्यांची हाणामारी झाली, चाळीसेक जण जखमी झाले. रन-डीएमसी तर स्टेजवर आलेही नव्हते, तरी खापर रॅपवर फुटलं. रशचा प्रसिद्धीवाला बिल ॲडलर वर्तमानपत्रांना समजावत बसला, आणि रॅप म्हटलं की हॉलवाले विम्याचं कारण पुढे करू लागले.

पण खरी गाठ वेगळीच. 1984 पासून रसेल रिक रूबिनबरोबर डेफ जॅम या रेकॉर्ड कंपनीचाही भागीदार होता. आपल्याकडच्या तमाशात उचल घेतात आणि मग ती फेडता फेडता हंगाम सरतो. रेकॉर्डच्या ॲडव्हान्सचंही तेच, आधी कंपनीचं फिटतं, मग गायकाला मिळतं. अशा वेळी हिशेबाची वही मागायला गायकानं कोणाला पाठवायचं? मॅनेजरला. आणि मॅनेजरच वहीचा मालक असेल तर? बीस्टी बॉइजचा पहिला अल्बम प्रचंड खपला, रॉयल्टीवरून वाजलं आणि ते कंपनी सोडून गेले. रन-डीएमसी मात्र प्रोफाइल या दुसऱ्याच कंपनीत होते, म्हणजे निदान तिथे तरी रसेल टेबलाच्या एकाच बाजूला बसत होता.

या माणसाची तसबीर मी भिंतीवर लावत नाही. 2017 मध्ये अनेक स्त्रियांनी त्याच्यावर लैंगिक अत्याचाराचे आरोप केले. त्यानं ते नाकारले, पण कंपन्यांतून बाजूला झाला. कामाची पद्धत सांगताना हेही सांगायलाच हवं.

आता माझं. तीन वर्षांपूर्वी एका गणपती मंडळाचा कार्यक्रम होता. पोरांच्या बिदागीतले माझे पंधरा टक्के ठरलेले, वर मंडळाकडूनही मी 'जमवून दिल्याचे' चार हजार घेतले. चलाखी वाटली होती. मंडळाच्या खजिनदारानं पोरांसमोरच पाकीट माझ्या हातात ठेवलं. टेम्पोत स्पीकर चढवताना थोरला म्हणाला, "दादा, आज तुम्ही कोणाकडून होता?"

चार हजार त्याच रात्री दोघांत वाटले. तेव्हापासून बिदागी थेट त्यांच्या खात्यात जाते, आणि माझे पंधरा टक्के मला त्यांच्याकडे मागावे लागतात. थोरला कधी कधी मुद्दाम दोन दिवस लावतो.