आपल्यात कसला कागद?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. नव्यानं डिझाईनचं काम सुरू केलेली मुलं भेटली की हा प्रश्न ठरलेला असतो: "ताई, सोलापूर एवढंसं गाव. क्लायंट म्हणजे कुणाचा तरी मामा, नाहीतर वडिलांचा मित्र. त्यांच्यापुढे करार ठेवायचा कसा? माणसं दुखावत नाहीत का?"

काही दुखावतात. "आपल्यात कसला कागद?" हे मी नव्या पेठेतही ऐकलंय आणि अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतही. तरीही मी कागदाशिवाय काम घेत नाही. हे मी वकिलाकडून शिकले नाही, घरात शिकले.

माझे अप्पा चादरीच्या कारखान्यात जेकार्डची, म्हणजे मागावर नक्षी विणवणारी भोकांची कार्डं पंच करायचे. आधी ग्राफ पेपरवर डिझाईन उतरायचं, मोर असो की वेलबुट्टी, एकेक चौकोन रंगवून. मग कापडातल्या एकेका आडव्या धाग्यासाठी एकेक कार्ड. भोकं पाडलेली शेकडो कार्डं ओळीनं ओवून मागावर चढवायची. एकदा पंच झाल्यावर मालक म्हणाले की मोराची मान जरा वळवा, तर त्या भागातली सगळी कार्डं वाया. म्हणून अप्पा ग्राफ मालकांपुढे पसरायचे, कोपऱ्यात तारीख घालायचे आणि तिथे सही घ्यायचे. सही झाल्याशिवाय पंचाला हात लावायचे नाहीत. मालक आणि ते एकाच डब्यातली कडक भाकरी आणि शेंगाचटणी खाणारे. त्या सहीत अविश्वास आहे असं दोघांपैकी कुणालाच कधी वाटलं नाही. ते ग्राफ आजही आमच्या ट्रंकेत आहेत. लाल पेन्सिलीचे चौकोन फिके पडलेत, कोपऱ्यातली निळी सही मात्र ठळक आहे.

मी स्वतः कामाला लागले तेव्हा मात्र हे विसरले. पूर्व भागातल्या एका टॉवेलच्या कारखानदारांचं काम आलं. अप्पांच्या ओळखीचे, मी त्यांना काका म्हणायची. लोगो, लेबल आणि बॉक्स. फोनवर म्हणाले, "करून टाक पोरी, पैशाचं बघू आपण." मी करून टाकलं. काकांना निळा रंग आवडला, थोरल्या मुलाला मरून हवा होता, धाकट्यानं रात्री अकराला परराज्यातल्या कुठल्या तरी ब्रँडचा फोटो पाठवून "असं कर" म्हणून सांगितलं. किती वेळा बदललं ते मोजणंही मी सोडून दिलं. अर्धे पैसे आले, अर्धे राहिले. वर्षभरात भावाभावांत वाटणी झाली आणि दोघांनीही वेगवेगळा फोन करून ओपन फाइल, म्हणजे ज्यात पुढे बदल करता येतात ती मूळ फाइल, मागितली. लोगो कुणाचा? मला सांगता येईना. माझ्याकडे एका ओळीचाही कागद नव्हता, त्यांच्याकडेही नव्हता. पुढे एका लग्नात काका समोरून आले आणि दुसरीकडे बघत निघून गेले. पैशांपेक्षा ते मला जास्त लागलं. आजही लागतं.

म्हणून कुणी "आपल्यात कसला कागद" म्हणालं की मी आधी क्लायंटच्या फायद्याचं बोलते, आणि ते खरंच त्यांच्या फायद्याचं असतं. आपल्याकडे बहुतेकांना वाटतं की पैसे दिले म्हणजे लोगो आपला झाला. १९५७ चा कॉपीराइट कायदा तसं म्हणत नाही. पगारी नोकरीत केलेलं काम मालकाचं असतं. पण बाहेरच्या डिझायनरनं केलेल्या लोगोची किंवा लेबलची पहिली मालकी एरवी त्या डिझायनरची असते. (फोटो आणि पेंटिंगचा नियम वेगळा आहे.) ती मालकी दुसऱ्याच्या नावावर करायची तर लेखी लागते, आणि देणाऱ्याची सही लागते. मुदत लिहिली नाही तर कायदा ती पाच वर्षं धरतो. प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. आता विचार करा, ज्याचे टॉवेल जहाजानं बाहेर जातात, त्याच्या लेबलचा हक्क कागदावर देशाच्या हद्दीतच संपला तर? हे सांगितलं की समोरचा माणूस पाणी पितो आणि म्हणतो, "मग लिहा की ओ."

सोलापुरात आणखी एक गोष्ट समजून घ्यायला हवी. चादरीवरचं, टॉवेलवरचं नक्षीकाम वेगळ्या कायद्यात बसतं, २००० च्या डिझाईन्स ॲक्टमध्ये. तिथे मोबदला देऊन करून घेतलेलं डिझाईन करून घेणाऱ्याचं धरलं जातं. आणि नोंदणी होण्याजोगं डिझाईन नोंदवलंच नाही, तर त्याच्या पन्नासपेक्षा जास्त नग यंत्रावर निघाले की त्यातला कॉपीराइट संपतो. पन्नास टॉवेल म्हणजे किती वेळ, हे कुणी सोलापूरकराला सांगायला नको. नोंदणी केली तर दहा वर्षं, पुढे पाच वाढवून मिळतात, पण ती बाजारात माल दाखवण्याआधी करावी लागते. म्हणून लोगो-लेबल आणि कापडावरचं डिझाईन मी एका कलमात कधीच घालत नाही. नोंदणी कोण करणार, खर्च कुणाचा, हे तिथेच लिहिते. चाटी गल्लीत आपलं डिझाईन दुसऱ्याच्या गठ्ठ्यात दिसल्यावर तळमळणारी माणसं मी पाहिली आहेत.

आता लिहायचं कसं. मराठीत लिहा. इंटरनेटवरून उतरवलेला इंग्रजी नमुना कुणी वाचत नाही, नुसती सही करतं, आणि न वाचलेल्या सहीचा दोघांनाही उपयोग नाही. माझा करार दोन पानांचा असतो आणि तो मी समोर बसून मोठ्यानं वाचते. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत, लग्नसोहळ्याच्या वेळी, संमती कट्ट्यावर आधी सगळ्यांसमोर संमती वाचतात, मगच अक्षता पडतात. ज्या गावानं हे वर्षानुवर्षं पाहिलंय, त्या गावाला कागद वाचून दाखवणं परकं वाटत नाही.

सगळ्यात जास्त जीव मी दोन ओळींवर लावते. एक: "मंजुरी कोण देणार". तिथे एकच नाव. आपल्याकडे धंदा घरचा असतो. वडील, दोन मुलं, सून, पुण्यातला जावई, सगळ्यांना मत असतं आणि ते असावंच. पण त्यांनी आपसात ठरवायचं आणि एकानं मला कळवायचं. हे नाव लिहिताना घरात दहा मिनिटं शांतता पसरते. ती शांतता मला मोलाची वाटते. नाहीतर तेच भांडण माझ्या डिझाईनवर होतं.

दुसरी ओळ बदलांची. माझ्या करारात ती अशी आहे: "ठरलेल्या रकमेत तीन वेळा बदल. बदल म्हणजे मंजूर केलेल्या डिझाईनमध्येच रंग, अक्षर किंवा मांडणीतला फेरफार. नवी कल्पना मागितल्यास ते नवं काम, त्याची रक्कम आधी ठरेल." यात अवघड शब्द एकही नाही. जो शब्द क्लायंट स्वतः वापरत नाही, तो मी करारात घालत नाही. "फायनल" या शब्दावर तर माझा मुळीच विश्वास नाही. त्याऐवजी "सही केलेलं प्रूफ" लिहिते. प्रूफ म्हणजे छापण्याआधी तपासायचा नमुना.

पैशाचं: चाळीस टक्के इसार, तेवढेच मंजुरीवर, उरलेले ओपन फाइल देण्याआधी. इसार हा शब्द मुद्दाम वापरते. जमिनीच्या व्यवहारात इसार देताना कुणाला अपमान वाटत नाही. शिवाय मी उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, केलीय, तुम्हीही करा. २००६ च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग) कायद्यानं लहान उद्योगाचे पैसे लेखी मुदत ठरली असेल तर त्या मुदतीत, पण ४५ दिवसांच्या आत द्यावे लागतात. मुदत ठरलीच नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेनं जाहीर केलेल्या बँक रेटच्या तिप्पट दरानं, दरमहा चक्रवाढ व्याज. कारखानदारांना हे समजावून सांगावं लागत नाही. त्यांचेही पैसे मोठ्या गिऱ्हाइकांकडे अडकलेले असतात.

बाकीचं थोडक्यात. फॉन्टचं लायसन कोण विकत घेणार, काम अर्ध्यात थांबलं तर किती द्यायचं, तंटा झाला तर सोलापूरचं कोर्ट. १८७२ च्या करार कायद्यानं तोंडी करारही चालतो आणि ईमेलवरचाही धरला जातो, पण तोंडी सिद्ध करताना नाकी नऊ येतात. मोठी रक्कम असेल तर मुद्रांक भरा, कोर्टात कागद पुढे करायचा तर तो लागतो. आणि व्हॉट्सॲपवर कुणी लांबलचक व्हॉइस नोट पाठवली तर ऐकून त्याच्या चार ओळी लिहून परत पाठवा: "तुम्ही असं म्हणालात, बरोबर ना?"

परवा शेंगाचटणीच्या पाकिटाचं काम आलं. बाळीवेशीजवळच्या एक मावशी, पंधरा बायकांना घेऊन चटणी कुटतात. त्यांच्या करारात प्रूफचं कलम मोठं आहे: वजन, किंमत, एफएसएसएआयचा, म्हणजे अन्न परवान्याचा, चौदा आकडी नंबर, सगळं क्लायंटनं तपासायचं. छापलेलं पाकीट परत कोरं होत नाही. आम्ही दोघींनी तो नंबर एकेक आकडा मोठ्यानं म्हणत जुळवला. मावशी वहीतून वाचत होत्या, मी प्रूफवर बोट ठेवून. नववा आकडा चुकला होता. त्यांच्या वहीत सात होता, माझ्या प्रूफवर एक. मी तिथेच दुरुस्त केला, नवं प्रूफ काढलं, त्यांनी चष्मा सारखा करून सावकाश सही केली.

मग पेन माझ्या हातात न देता म्हणाल्या, "तुमचं सगळं लिहून झालं. आता माझं लिहा. गड्ड्यात माझा स्टॉल असतो. अक्षता सोहळ्याच्या आठ दिवस आधी फाइल छापखान्यात गेली पाहिजे."

मी लिहिलं.

"आणि उशीर झाला तर?"

दिवसाला किती कापायचे ते आम्ही ठरवलं, आकडा त्यांनी सांगितला. त्या ओळीखाली पहिली सही मी केली.