नव्या तळ्यात मासे किती सोडायचे, हे पहाट ठरवते

छोटंसं तळं खणून झालं, पाणी झिरपू नये म्हणून अंथरायचा लायनर नीट बसला, पाणी भरलं, कडेला दोन कुंड्या ठेवल्या की घरातल्या सगळ्यांना मासे आजच्या आज हवे असतात, आणि ते साहजिकही आहे. पण कोणी विचारलं की मी दोनच गोष्टी सांगते. एक, महिना-दीड महिना थांबा. दुसरी, मासे किती मावतील हे दुपारी काठावर उभं राहून ठरवू नका कारण दुपारी कुठलंही तळं रिकामंच वाटतं, ते ठरवायचं पहाटेच्या हिशोबाने. पहाट का ते पुढे येईलच.

आधी थांबायचं कशासाठी ते सांगते. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, ते उघड्यावर उन्हात एक-दोन दिवसांत उडून जातं, फवारा चालू असेल तर अजून लवकर. पण काही ठिकाणी क्लोरीनऐवजी क्लोरामाइन टाकतात आणि ते असं सहज उडत नाही, त्याला डीक्लोरिनेटर, म्हणजे क्लोरीन मारणारं औषधच लागतं, त्यामुळे पाणीपुरवठ्याकडे एकदा विचारून घ्या. सिमेंटचं टाकं असेल तर अजून एक काम वाढतं, नव्या सिमेंटमधून चुना झिरपत राहतो आणि पाण्याचा पीएच, म्हणजे ते किती आम्ल की अल्कली हे सांगणारा आकडा, खूप वर जातो, म्हणून ते भरायचं, काही दिवस ठेवायचं, उपसायचं, परत भरायचं, पीएच साडेआठच्या खाली येऊन टिकेपर्यंत हेच.

पण खरा वेळ लागतो तो बॅक्टेरियाला. मासा पाण्यात सतत अमोनिया सोडतो, विष्ठेतून तर सोडतोच पण जास्त करून कल्ल्यांतून, आणि उरलेलं खाद्य कुजलं की त्यातूनही अमोनियाच येतो. जुन्या तळ्यात दगडांवर, फिल्टरच्या स्पंजमध्ये, लायनरवरच्या बुळबुळीत थरात जे बॅक्टेरिया बसलेले असतात त्यातले काही अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे त्या नायट्राइटचं नायट्रेट करतात, आणि नायट्रेट पाण्यातली झाडं खातात. नव्या तळ्यात यातलं काहीच नसतं. स्वच्छ काचेसारखं पाणी दिसतं आणि लोकांना वाटतं वा काय छान पाणी आहे, पण माशांसाठी तेच सगळ्यात धोक्याचं. हे बॅक्टेरिया जमायला साधारण 4 ते 6 आठवडे लागतात, थंडीत त्याहून जास्त. मासे नसताना त्यांना खायला हवं म्हणून दर दोन-तीन दिवसांनी चिमूटभर माशांचं खाद्य पाण्यात टाकत राहा. ओळखीत कोणाचं जुनं निरोगी तळं किंवा टँक असेल तर त्यांच्या फिल्टरमधला मळका स्पंज मागून आणा, धुवू नका, ओलाच आपल्या फिल्टरमध्ये टाका, बराच वेळ वाचतो. बाकी अंदाजाने चालू नका, अमोनिया आणि नायट्राइटचं टेस्ट किट घ्या, दोन्ही आधी वर जाऊन परत शून्य दाखवायला लागले की तळं तयार.

मधल्या काळात पाणी शेवाळाने हिरवं होणार. होऊ दे. घाबरून सगळं पाणी बदललं तर सगळं पहिल्यापासून, झाडं वाढून अर्धा पृष्ठभाग झाकायला लागली की ते आपोआप निवळतं.

आता पहाट. दिवसा झाडं आणि शेवाळ ऑक्सिजन सोडतात म्हणून दुपारी पाण्यात ऑक्सिजन भरपूर, रात्री मात्र तीच झाडं, तेच शेवाळ, तेच बॅक्टेरिया आणि मासे सगळे मिळून ऑक्सिजन वापरत राहतात आणि बनवत कोणीच नाही. त्यामुळे सूर्य उगवायच्या आधी पातळी सगळ्यात खाली असते. त्यात गरम पाण्यात ऑक्सिजन मुळातच कमी मावतो, 20 अंशाला लिटरमध्ये साधारण 9 मिलिग्रॅम, 30 अंशाला साडेसातच्या आसपास, आणि नेमकं गरम पाण्यात माशांना तो जास्त लागतो. म्हणजे तुमच्या तळ्यात मासे किती हे ठरतं वर्षातल्या सगळ्यात उकाड्याच्या, वारा पडलेल्या रात्रीच्या शेवटच्या तासावर. उजाडताना मासे पृष्ठभागाशी येऊन तोंडं उघडमीट करत असतील तर मासे जास्त झालेत, किंवा पाणी हलत नाहीये. बरेच जण आवाज नको म्हणून एअर पंप रात्री बंद करतात आणि सकाळी लावतात, हे बरोबर उलटं आहे, एकच वेळ चालवायचा असेल तर रात्री चालवा.

आणि दुपारचाही एक धोका आहे जो लोकांच्या लक्षात येत नाही. हिरव्या पाण्याचा पीएच दुपारी चढतो आणि पीएच चढला की अमोनियाचा विषारी भाग वाढतो. 25 अंशाच्या पाण्यात पीएच 7 असेल तर एकूण अमोनियातला अर्ध्या टक्क्याच्या आसपासच विषारी रूपात असतो, पीएच 8 ला तोच 5 टक्क्यांवर, 9 ला एक तृतीयांशाहून जास्त. म्हणून सकाळी टेस्ट केलीत आणि अमोनिया थोडासाच दिसला तरी निश्चिंत होऊ नका.

किती लिटर आहे ते आधी काढा. लांबी, रुंदी, खोली मीटरमध्ये गुणायची आणि त्याला 1000 ने गुणायचं. दोन मीटर बाय दीड मीटर, अर्धा मीटर खोल म्हणजे 1500 लिटर, पण कडा उतरत्या असतात त्यामुळे खरं पाणी 1000-1200 च धरा. एवढ्यात कोई जातीचा मासा नको, अजिबात नको, आणताना बोटाएवढा असतो पण तो दोन फुटांपर्यंत वाढतो आणि कित्येक वर्षं जगतो. गोल्डफिश चालेल पण तोही पाच-सहा इंचांवर आरामात जातो, म्हणून चारच, आणि तेही दोन-दोन करून आणायचे. मला विचाराल तर पहिल्या तळ्यासाठी, पाणी फार थंड होत नसेल तर, गप्पीच. पाच-सहा आणा, बास, कारण मादी साधारण महिन्याला पिल्लं देते आणि नर वेगळा केला तरी साठवलेल्या बीजावर पुढचे कित्येक महिने देत राहते. गप्पी डासांच्या अळ्याही खातात. मासे यायच्या आधीच्या महिन्यात डास होतीलच, उबदार पाण्यात अंड्यातून डास उडायला आठवडा-दहा दिवस पुरतात, त्यासाठी बीटीआय नावाच्या बॅक्टेरियाच्या गोळ्या मिळतात, त्या अळ्या मारतात आणि माशांना, बेडकांना त्रास देत नाहीत. फक्त डासांसाठी म्हणून कोणी गंबुसिया मासा आणून देत असेल तर घेऊ नका, तो दुसऱ्या माशांची पिल्लं खातो, शेपट्या कुरतडतो, आणि जगातल्या सगळ्यात त्रासदायक 100 उपऱ्या प्रजातींच्या यादीत त्याचं नाव आहे.

मासे आणायचे ते संध्याकाळी, ऊन उतरल्यावर. शक्य असेल तर आधी दोन-तीन आठवडे वेगळ्या टबात ठेवा, पांढऱ्या ठिपक्यांचा रोग असेल तर तिथेच कळतो आणि उपाय तिथे सोपा असतो, तळ्यात शिरला की सगळ्यांनाच होतो. पिशवी सावलीत पाण्यावर 15-20 मिनिटं तरंगू द्या, मग तळ्याचं पाणी थोडं थोडं पिशवीत घाला, आणि मासे जाळीने उचलून सोडा, पिशवीतलं पाणी तळ्यात ओतायचं नाही. पहिल्या दिवशी खाद्य नको. ते झाडांखाली दडून बसतील, काळजी करू नका. पुढेही दिवसातून एकदाच, दोन-तीन मिनिटांत संपेल एवढंच. पुढची जोडी तेव्हाच आणा जेव्हा दोन-तीन आठवडे अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर टिकलेले असतील.

ओव्हरफ्लोच्या पाइपला बारीक जाळी आजच लावून टाका, जोराच्या पावसात पाणी काठावरून गेलं तर पिल्लं त्याच्याबरोबर वाहून ओढ्या-नाल्यात जातात. गप्पी जास्त झाले तर कोणाच्या टँकला द्या, दुसऱ्या कोणाच्या बंदिस्त तळ्याला द्या, पण नदीत, ओढ्यात किंवा गावतळ्यात सोडू नका, तिथल्या माशांनी ते सोसायचं काही कारण नाही.