तुम्ही विचारलंत म्हणून : आडात किती आहे?

व्हिडिओ कॉलवर मी कायम कुठेतरी भलतीकडेच बघतेय असं दिसतं. कॅमेरा लॅपटॉपवर, लॅपटॉप बाजूला आणि माझी नजर समोरच्या ३४ इंची आडव्या मॉनिटरवर. मग कॉल संपता संपता कुणीतरी विचारतंच, "असा रुंद मॉनिटर मलाही घ्यायचाय. कुठला घेऊ?" माझं काम पुस्तकांची पानं मांडायचं, त्यामुळे ही बाई दिवसभर स्क्रीनकडेच बघत असते, तिला कळत असणार, असा लोकांचा समज. मी उलट विचारते, "तुमच्या कॉम्प्युटरला केबल लावायची कुठकुठली भोकं, म्हणजे पोर्टं, आहेत?" यावर बहुतेकांचा चेहरा जरा पडतो. त्यांना मॉडेलचं नाव हवं असतं, आणि मी त्यांना टेबलाखाली वाकायला लावते.

पण प्रश्न तोच आहे. मॉनिटर नुसता दाखवतो, चित्र पाठवायचं काम कॉम्प्युटरचं. आडातच नसेल तर पोहऱ्यात कुठून येणार?

हे मी शिकले ते फजिती करून घेऊनच. मॉनिटर घेतला तेव्हा माझा लॅपटॉप चांगलाच जुना होता. मॉनिटर ३४४० × १४४० चा, म्हणजे आडवे ३४४० आणि उभे १४४० ठिपके. लॅपटॉपला एचडीएमआय, म्हणजे मॉनिटरला चित्र पाठवायचं नेहमीचं पोर्ट, होतं, मॉनिटरला एचडीएमआय होतं, खोक्यातली केबल दोन्हीकडे बसली. चित्रही आलं. मी खूश. दहा मिनिटांनी लक्षात आलं की काहीतरी जड जड वाटतंय. माउस हलवला की बाण सरकत नव्हता, उड्या मारत होता. गोल फिरवून पाहिला तर वर्तुळाऐवजी तुटक बाणांची माळ दिसली. मॉनिटरमध्येच खोट आहे असं धरून मी कंपनीला दोनदा फोन केले, केबल बदलली, एक संध्याकाळ रागावण्यात घालवली. तिसऱ्या दिवशी विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये 'अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्ले' उघडलं, तर तिथे शांतपणे लिहिलेलं : ३० हर्ट्झ. म्हणजे चित्र सेकंदाला तीसदाच बदलत होतं. साध्यातल्या साध्या ऑफिसच्या मॉनिटरवरही ते ६० वेळा बदलतं.

मग रिझोल्यूशन, म्हणजे ठिपक्यांची संख्या, उतरवून २५६० × १०८० केलं. ६० हर्ट्झ मिळाले, पण अक्षरं गेली. 'सर्वांत' या शब्दातला रफार आणि अनुस्वार एकमेकांत मिसळून डोक्यावर नुसता एक राखाडी डाग उरला. प्रुफं वाचणाऱ्या माणसाला असा मॉनिटर काय कामाचा!

हिशेब सोपा आहे. नेहमीच्या फुल एचडी स्क्रीनवर, म्हणजे १९२० × १०८० वर, सुमारे २०.७ लाख ठिपके असतात. ३४४० × १४४० वर ते सुमारे ४९.५ लाख होतात, जवळजवळ २.४ पट. एवढे सगळे सेकंदाला ६० वेळा केबलमधून जायला हवेत. एचडीएमआय १.४ या पिढीचं पोर्ट फोरके (३८४० × २१६०) चित्र ३० हर्ट्झनेच पाठवू शकतं, आणि ३४४० × १४४० ला अशा पिढीचे बरेच लॅपटॉप ३० किंवा ५० वर अडतात. २०१३ मध्ये आलेल्या एचडीएमआय २.० ची वाहण्याची क्षमता सेकंदाला १८ गिगाबिट, त्यामुळे तिथे ६० हर्ट्झ आरामात मिळतात. चित्र पाठवायचं दुसरं पोर्ट म्हणजे डिस्प्लेपोर्ट. त्यातलं १.२ तर एचडीएमआय २.० च्याही आधीचं, २०१० चं, आणि तेही हा आकार व्यवस्थित पेलतं. १४४ हर्ट्झचा गेमिंग मॉनिटर हवा असेल तर डिस्प्लेपोर्ट १.४ बघा. गोम अशी की एचडीएमआयचं भोक सगळ्या पिढ्यांत दिसायला एकसारखंच. बघून काही कळत नाही. लॅपटॉपच्या पोटावरच्या स्टिकरवरून मॉडेल नंबर घ्या, कंपनीच्या माहितीपत्रकात बाहेरच्या मॉनिटरसाठी किती रिझोल्यूशन आणि किती हर्ट्झ लिहिलेत ते शोधा. नुसत्या 'एचडीएमआय २.१' वगैरे आकड्यावर भुलू नका. रिझोल्यूशन आणि हर्ट्झ अशी जोडी लिहिलेली असेल तरच ती माहिती.

टाइप-सी हा तर फसवणुकीचा राजा. तेच लंबगोल भोक एका लॅपटॉपवर चार्जिंग, डेटा आणि चित्र तिन्ही देतं, दुसऱ्यावर फक्त डेटा. त्यातून चित्र निघायला पोर्टमध्ये 'डिस्प्लेपोर्ट ऑल्ट मोड' असावा लागतो. पोर्टाशेजारी डी आणि पी गुंफलेलं चिन्ह किंवा थंडरबोल्टची बाणवाली वीज दिसली तर निश्चिंत व्हा. काहीच छापलेलं नसेल तर पुन्हा माहितीपत्रक. माझ्या एका मैत्रिणीच्या लॅपटॉपला सगळं होतं, मॉनिटरही उत्तम, तरी पडदा काळाच. शेवटी निघालं काय, तर तिने फोनच्या चार्जरची केबल लावली होती. अशा बहुतेक केबली यूएसबी २.० च्या असतात. त्यांत चित्र वाहून नेणाऱ्या तारा नसतातच. मॉनिटरसोबत आलेली केबल तिने 'नंतर लागेल' म्हणून कपाटात जपून ठेवली होती!

एकाच वायरने लॅपटॉप चार्जही व्हावा असं वाटत असेल तर वॉटही बघा. मॉनिटर ६५ वॉट देतो आणि तुमच्या लॅपटॉपचा चार्जर १०० वॉटचा असेल, तर जड काम चालू असताना वायर लावलेली असूनही बॅटरी हळूहळू उतरत जाते.

जोडकेबलींना दिशा असते, हे दुकानात फारसं कुणी सांगत नाही. एका टोकाला डिस्प्लेपोर्ट आणि दुसऱ्याला एचडीएमआय अशी साधी केबल कॉम्प्युटरच्या डिस्प्लेपोर्टकडून मॉनिटरच्या एचडीएमआयकडे चालते. उलटी लावली तर काही येत नाही, त्यासाठी वेगळा, स्वतःची वीज घेणारा अ‍ॅडॅप्टर लागतो. डेस्कटॉपवाल्यांनी आणखी एक बघावं : ग्राफिक्स कार्ड, म्हणजे चित्र तयार करणारं वेगळं कार्ड, घातलेलं असेल तर केबल त्या कार्डाच्या पोर्टात हवी. वरच्या बाजूला मदरबोर्डची (कॉम्प्युटरच्या मुख्य सर्किट बोर्डाची) पोर्टं हाताला आधी लागतात, लोक तिथेच लावतात आणि महागडं कार्ड आत नुसतं गरम होत बसतं. एम१ किंवा एम२ ची साधी चिप असलेलं मॅकबुक असेल, तर अ‍ॅपलच्या सांगण्यानुसार ते बाहेरचा एकच मॉनिटर चालवतं. दोन लहान की एक रुंद, हा वाद तिथे आपोआप मिटतो.

एवढं जमलं की मग मॉनिटरकडे वळा. इंच हा तिरका मोजतात, म्हणून रुंद मॉनिटरचा आकडा फसवतो. ३४ इंची आडवा मॉनिटर उंचीला नेहमीच्या २७ इंचीएवढाच भरतो, आणि २९ इंची हा २३ इंचीएवढा. "एवढा मोठा घेतला आणि हा तर बुटका निघाला" ही तक्रार २९ इंचीवाल्यांकडून मी बऱ्याचदा ऐकलीय. ३४ इंचीची रुंदी जवळपास ८० सेंटिमीटर. टेबलावर वर्तमानपत्र पसरून माप घ्या, आणि स्टँडचे पाय किती पुढे येतात तेही बघा.

३४ इंचीतच २५६० × १०८० चेही मॉनिटर मिळतात. त्यात इंचाला सुमारे ८२ ठिपके, ३४४० × १४४० मध्ये ११०. दिवसभर वाचण्या-लिहिण्याचं काम असेल तर पहिला घेऊ नका. देवनागरीला तर नकोच, आपल्याकडे अक्षरांच्या वरही गर्दी आणि खालीही. वक्र घ्यायचा की सपाट? १५००आर म्हणजे दीड मीटर त्रिज्येच्या वर्तुळाचा तुकडा, आकडा लहान तितका बाक जास्त. माझा सपाट आहे. ओळ सरळ आहे की नाही यावर माझं पोट चालतं. बाकीच्यांना वक्र आवडतो आणि त्यात चूक काही नाही.

माझ्या त्या लॅपटॉपचं पुढे काय झालं ते राहिलंच. नवा घ्यायच्या तयारीत मी जुना पुसायला काढला, तर उजव्या कडेला एक इवलंसं चौकोनी भोक दिसलं. चार वर्षं त्यात फक्त धूळ होती. ते मिनी डिस्प्लेपोर्ट निघालं. वीतभर जाडीची माहितीपुस्तिका खोक्यात होती, त्यात पाचव्या पानावर त्याचं चित्रसुद्धा होतं. योग्य केबल आणली, लावली, सेटिंग उघडलं : ३४४० × १४४०, ६० हर्ट्झ. माउस गोल फिरवला. बाण घसरत गेला. 'सर्वांत'वरचा अनुस्वार रफारापासून सुटून आपल्या जागी जाऊन बसला. त्या लॅपटॉपने पुढे आणखी दोन वर्षं काढली.

तेव्हा पुढच्या वेळी विचाराल तर आवडलेल्या मॉनिटरचा फोटो पाठवू नका. कॉम्प्युटरच्या दोन्ही कडांचे पाठवा, आणि जरा फुंकर मारून मग काढा.