मार्गशीर्षातले बांगडे

बालवाडीच्या पोरांना मासळीबाजारात न्यायचं तर गुरुवारी, आणि मार्गशीर्षातला गुरुवार मिळाला तर सोन्याहून पिवळं. अर्ध्या मुंबईत त्या दिवशी मासळी शिजत नाही. कोळणी निवांत असतात, पाच वर्षांची पोरं पाटीत हात घालायला लागली तरी कोणी खेकसत नाही. आमची बालवाडी वरळी कोळीवाड्याजवळ. वर्गातली निम्मी मुलं कोळ्यांची, बाकीची बहुतेक उत्तरेकडून आलेल्या कुटुंबांची.

बाजारातून एक प्रश्न घेऊन यायचा, एवढंच ठरलं होतं. प्रश्न मुलांचाच हवा. उत्तर बाईंच्या पदरात आधीच बांधलेलं असेल तर त्याला शोध म्हणू नये, ती उलटतपासणी होते.

एका आजींच्या पुढ्यात बांगड्यांचे दोन वाटे होते, दोन्ही दोनशेला. एकात चार मोठे, दुसऱ्यात सहा लहान. आमच्या एका पोराने बोट लावून मोजले, परत मोजले. "आजी, इथे जास्त आहेत, मग पैसे सारखे कसे?"

"तूच सांग," आजी म्हणाल्या. बालशिक्षणाच्या प्रशिक्षणात हे दोन शब्द शिकायला आम्हाला कितीतरी दिवस लागतात.

मी दोन्ही वाटे घेतले. घासाघीस केली नव्हती, तरी आजींनी लहानांच्या वाट्यात एक बांगडा वर टाकला. मदतनीस मावशींचा उपास होता. त्यांनी पिशव्या हातभर लांब धरून वर्गात आणल्या.

आधी अंदाज. कोणता वाटा जड? कोळ्यांची पोरं बोलून मोकळी झाली: मोठेच जड. काहींनी मातीचे बांगडे वळले. एक मुलगी घरी भोजपुरी बोलते आणि जूनपासून वर्गात क्वचितच बोलली होती. तिने कागद ओढला. एकीकडे चार लांब मासे, दुसरीकडे लहान मासे आणि मधे दोन उघडे तळवे, एकाच उंचीवर. म्हणजे काय, विचारलं तर उठून तिने दोन्ही हात पुढे केले आणि समान पातळीत धरले. सारखे! रॉबर्ट रेकॉर्ड या वेल्श गणितज्ञाने १५५७ मध्ये बरोबरचं चिन्ह म्हणून दोन समांतर रेघा घेतल्या, कारण त्यांच्याहून सारखं दुसरं काही त्याला सापडेना. हिला तळवे सापडले.

मग कपड्यांचा हँगर सुतळीने खिळ्याला टांगला आणि दोन टोकांना दोन पिशव्या अडकवल्या. हँगर झुकला तो लहान बांगड्यांकडे. वर्गात एकच गलका. "हँगरच वाकडा आहे," एकीने जाहीर केलं. काय करायचं मग? थोडी ढकलाढकली झाली, आणि तिनेच सुचवलं की पिशव्या इकडच्या तिकडे लावू. लावल्या. पुन्हा लहान बांगडेच खाली गेले. तरीही दोघांचं समाधान होईना, म्हणून खिळा बदलला. मी या सगळ्यात फक्त स्टूल धरून उभी होते. आपलं साधन खोटं बोलतंय का, ही शंका घेऊन ती तपासणं मोठ्यांनाही सुचत नाही. इथे त्यावर भांडण चाललं होतं.

"मोठ्याला भाव असतो," एक कोळ्याचा पोरगा शेवटी म्हणाला. घरी रोज ऐकत असणार.

तेवढ्यात तळवे काढणाऱ्या मुलीने दुसरा कागद भरला. मासे तेच, पण आता एक तळवा वर, एक खाली. आणि दोन्ही ढिगांखाली एकेक पिवळा चौकोन, अगदी एका मापाचा. दोनशेची नोट. संख्या वेगळी, वजन वेगळं, किंमत सारखी: तिन्ही गोष्टी एका कागदावर, आणि एकही अंक नाही. त्याच आठवड्यात भरायच्या तक्त्यात 'वीसपर्यंत अंक म्हणते' या रकान्यात तिच्या नावापुढे फुली होती. फुली खोटी नव्हती, पण रकाना फारच अरुंद होता. चित्राखाली तिचे हातवारे शब्दांत लिहिले आणि कागद तक्त्याला टाचला.

२०२१ साली 'निपुण भारत' हे वाचन आणि अंकज्ञान पक्कं करण्याचं सरकारी अभियान आलं तेव्हापासून बालवाडीतही सरावपत्रिकांचा पाऊस पडतो आहे. वास्तविक ते उद्दिष्ट तिसरीपर्यंतचं, आणि २०२२च्या पायाभूत स्तराच्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यातही भर खेळावरच आहे. त्याच्या कितीतरी आधी, १९४५ पासून, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ बोर्डीला आसपासच्या शंख-शिंपल्यांवर बालवाडी चालवत होत्या. आमच्या दारात तर अख्खा बाजार आहे.

पुढच्या खेपेला ते चित्र आजींना दाखवलं. त्यांनी बारीक डोळे करून पाहिलं आणि लहानांच्या ढिगापासून जरा वर, अधांतरी काढलेल्या माशावर बोट ठेवलं. "हा मी वर घातलेला. वरचा मोजायचा नसतो."

"पण हँगरला तर टांगला होता ना!" आमचा पोरगा.

आजी क्षणभर अडल्या. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "मग वरचा काढून तोला. काढा दोनशे."