आईला घेऊन अयुथया: तीन नद्यांमधली जुनी राजधानी

बँकॉकहून अयुथयाला जाणारे बहुतेक जण सकाळी टूरच्या गाडीत बसतात, तीन-चार देवळं बघतात आणि संध्याकाळच्या आत बँकॉकला परततात. आमच्या ओळखीतल्या एका कुटुंबाने तसंच केलं होतं. "सगळ्या पडक्या विटा आहेत, अर्धा दिवस पुरतो," असं त्यांनी सांगितलं. मी आणि आई मात्र तिथे मुक्कामाला राहिलो, आणि थायलंडला जाणाऱ्या प्रत्येकाला मी आता तेच सांगते. पडक्या विटांच्या जोडीला नांदती देवळं आणि त्यांना बांधणारी नदी बघितली नाही, तर अयुथया अर्धंच कळतं. ते आम्ही कसं जमवलं, ते लिहिते.

आईचं वय सत्तरच्या पुढे, दोन्ही गुडघे दुखरे, आणि खाणं शुद्ध शाकाहारी. अंडंही नाही. त्यामुळे आखणी तिच्या बेताने केली.

कागदपत्रांचा त्रास फारसा नाही. आम्ही गेलो तेव्हा भारतीय पासपोर्टवर पर्यटनासाठी व्हिसा लागत नव्हता. हा नियम बदलत असतो, त्यामुळे तिकीट काढण्याआधी एकदा खात्री करून घ्या. थायलंड डिजिटल अरायव्हल कार्ड मात्र भरावंच लागतं. पोहोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत ते ऑनलाइन भरायचं, पैसे लागत नाहीत. पैसे मागणाऱ्या साइट दिसल्या तर त्यांच्या नादी लागू नका. कार्डाची प्रिंट काढून आईच्या पर्समध्ये ठेवली होती, कारण मोबाइल नेमका रांगेत असतानाच मान टाकतो.

बँकॉकपासून अयुथया साधारण 80 किलोमीटर उत्तरेला. आम्ही थर्ड क्लासच्या पॅसेंजरने गेलो. आरक्षण नाही, तिकीट वीस बातच्या (थाई चलन) आसपास, उघड्या खिडक्या, वर पंखे. आईला ही गाडी एसी गाडीपेक्षा आवडली. समोर बसलेल्या बाईंनी तिला बघून स्वतःहून खिडकीची जागा दिली. दीड-दोन तासांत पोहोचलो. स्टेशनसमोरचा रस्ता ओलांडून सरळ गल्लीतून गेलं की पासाक नदी लागते आणि तिथे दहा बातमध्ये पलीकडे सोडणारी छोटी होडी मिळते. चाओ फ्राया, पासाक आणि लोपबुरी या तीन नद्यांच्या मधल्या भूभागावर जुनं शहर वसलंय. बेट पूर्ण व्हावं म्हणून कमी पडलेल्या बाजूला त्या काळी कालवा खणला होता. होडीत पाय ठेवला की तुम्ही राजधानीत त्या काळचे लोक शिरायचे तसेच शिरता, म्हणून सामान थोडं असेल तर टॅक्सी करू नका.

बेटावर फिरायला सायकली स्वस्तात मिळतात, रस्ते सपाट आहेत. आईमुळे आम्ही टुकटुक केली. इथल्या टुकटुकचं नाक पुढे आलेलं, गोल असतं, बँकॉकच्या टुकटुकपेक्षा वेगळं. तासाला 200 ते 300 बात असा भाव चालतो. चढण्याआधी तासाचा दर आणि जायची ठिकाणं ठरवून घेतली, ड्रायव्हरला नकाशावर बोट ठेवून दाखवली. प्रत्येक अवशेषाला तेव्हा 50 बात तिकीट होतं आणि मुख्य सहा ठिकाणांचा एकत्रित पास 220 बातला. दर बदलू शकतात, पण चारपेक्षा जास्त ठिकाणं बघायची असतील तर खिडकीवर पासाची चौकशी जरूर करा.

थोडा इतिहास माहीत असेल तर या विटा बोलायला लागतात. राजा उ थोंगने 1350 च्या सुमारास हे शहर वसवलं आणि रामाधिपती हे नाव घेतलं. 400 वर्षांहून अधिक काळ, 33 राजांच्या कारकिर्दींत ही सयामची, म्हणजे जुन्या थायलंडची राजधानी होती. 1767 च्या एप्रिलमध्ये ब्रह्मदेशाच्या सैन्याने तट फोडून शहर जाळलं. पुढे बँकॉक उभं राहताना इथल्याच विटा होड्यांतून खाली नेल्या गेल्या. म्हणजे जे आज दिसतं, ते आग, लूट आणि नव्या राजधानीची गरज या तिन्हीतून उरलेलं आहे.

सकाळी गेट उघडल्या उघडल्या वाट महाथातला गेलो. थाईत देवळाला "वाट" म्हणतात. अंजिराच्या जातीच्या झाडाच्या मुळांत अडकलेलं बुद्धाचं मस्तक इथेच आहे. फोटोत ते उंचावर असेल असं वाटतं, पण ते जमिनीच्या अगदी जवळ आहे, एक गाल किंचित मुळात रुतलेला, पापण्या मिटलेल्या. फोटो काढताना आपलं डोकं बुद्धाच्या डोक्यापेक्षा वर राहू नये असा तिथला शिरस्ता आहे, त्यामुळे सगळे खाली बसतात. आईला मांडी घालणं शक्यच नव्हतं, ती लांबूनच हात जोडून उभी राहिली. पहारेकऱ्याने तिच्या गुडघ्यांकडे पाहिलं, झाडाच्या सावलीतलं स्वतःचं प्लास्टिकचं बुटकं स्टूल आणलं आणि तिला बसवलं. ती बराच वेळ बसली. मग मला म्हणाली, "अगं, याचं धड कुठे गेलं?"

हा प्रश्न सगळ्या आवारात पाठ सोडत नाही. भिंतींच्या कडेने बिनडोक्याच्या मूर्तींच्या रांगाच्या रांगा आहेत. काही 1767 च्या विध्वंसात फुटल्या, आणि नंतरच्या काळात मूर्तिचोरांनी मस्तकं कापून नेली, कारण बाजारात मस्तकालाच भाव मिळायचा. काही मूर्तींच्या खांद्यावर आजही कुणीतरी भगवं वस्त्र गुंडाळून जातं. आईने त्या प्रत्येक मूर्तीला नमस्कार केला, आणि मला ते योग्य वाटलं. भंगलेली मूर्ती पुजू नये असं आपल्याकडे म्हणतात, पण तिथे उभं राहिल्यावर तो नियम कुणालाच आठवत नाही.

रस्त्यापलीकडचं वाट रात्चबुराण मला सगळ्या अवशेषांत जास्त आवडलं. दोन राजपुत्र, भाऊ भाऊ, गादीसाठी हत्तीवरून लढले आणि दोघेही मेले. गादी तिसऱ्याला मिळाली आणि त्याने 1424 मध्ये भावांच्या दहनाच्या जागी हे मंदिर बांधलं. मधल्या उंच शिखराला इथे प्रांग म्हणतात. त्याच्या पोटात तळघर आहे. 1957 मध्ये चोरांनी ते फोडून सोनं पळवलं, मग ललित कला विभागाने उरलेलं रीतसर बाहेर काढलं. तळघरात उतरायच्या पायऱ्या इतक्या अरुंद आणि उभ्या आहेत की मी एकटीच उतरले. खाली उकडतं, दोन माणसं जेमतेम मावतात, भिंतींवर फिकट लाल-सोनेरी चित्रं. गुडघे किंवा दमा असेल तर उतरू नका. आईसारखं करा, त्याच तळघरातल्या वस्तू चाओ साम फ्राया संग्रहालयात थंड हवेत बघा. सोन्याचा रत्नजडित हत्ती गुडघे टेकून बसलाय, सोंड वर केलीय, पाठीवरच्या अंबारीचं काम भिंगातून बघावं असं बारीक. वाट महाथातच्या प्रांगाखाली सापडलेला अस्थिकरंडकही इथेच आहे, एकात एक अशा सात डब्यांचा. हे संग्रहालय लोकांच्या देणग्यांतून उभं राहिलं, आणि देणाऱ्यांना तळघरात सापडलेल्या मातीच्या छोट्या बुद्धमुद्रा दिल्या गेल्या. टूरवाले संग्रहालय गाळतात. तुम्ही गाळू नका.

वाट फ्रा सी सानफेतचे तीन चेदी, म्हणजे स्तूप, हे अयुथयाचं पोस्टकार्ड. राजा त्रैलोक्यनाथ आणि त्याचे दोन मुलगे यांच्या अस्थी त्यांत ठेवल्या होत्या. राजवाड्याच्या आवारातलं हे देऊळ, इथे भिक्षू राहत नसत. आत 16 मीटर उंचीची सोन्याने मढवलेली उभी बुद्धमूर्ती होती, आक्रमणात ते सोनं वितळवून नेलं. ऊन चढायच्या आत बघून घ्या, सावली नाही.

त्याला लागूनच विहान फ्रा मोंगखोन बोफित आहे. 1767 मध्ये या विहाराचं छप्पर कोसळलं आणि आतली प्रचंड ब्राँझची बुद्धमूर्ती जवळपास दोन शतकं उघड्यावर राहिली. 1950 च्या दशकात विहार पुन्हा बांधताना ब्रह्मदेशाचे पंतप्रधान ऊ नू यांनी देणगी दिली. ज्या देशाच्या सैन्याने जाळलं, त्याच देशाच्या प्रमुखाने पुन्हा उभारायला हातभार लावला. हे आईला सांगितल्यावर तिने दानपेटीत पैसे टाकले, आणि मला आणखी टाकायला लावले.

खाण्याचं सांगते, कारण आपल्या लोकांची अर्धी चिंता तीच असते. "जे" म्हटलं की मांस, मासे, अंडी, दूध आणि कांदा-लसूणसुद्धा नाही असं जेवण मिळतं. पिवळ्या पाटीवर लाल अक्षर दिसलं की ते दुकान आपलं. बाकीच्या ठिकाणी "माय साय नाम प्ला", म्हणजे माशाचं पाणी घालू नका, हे सांगावंच लागतं, नाहीतर भाजीतही ते असतं. मी ही वाक्यं थाई लिपीत मोबाइलवर ठेवली होती आणि तेवढ्यावर सगळं भागलं. गोडात रोती साय माय खाल्ल्याशिवाय निघू नका. इथल्या मुस्लिम कुटुंबांची ही खासियत. तव्यावर हाताने थापलेली कागदासारखी पातळ पोळी, हिरवी किंवा गुलाबी, आणि आत आपल्या म्हातारीच्या केसांसारखे साखरेचे रेशमी धागे. शहराच्या मुख्य हॉस्पिटलसमोर, उ थोंग रस्त्यावर याची दुकानं ओळीने आहेत. पिशवीत पोळ्या वेगळ्या आणि साखर वेगळी देतात, आपणच गुंडाळायचं.

दुपार लॉजवर झोपून काढली आणि चारच्या सुमाराला हुआ रो बाजाराजवळच्या धक्क्यावरून होडी घेतली. लांब शेपटीची होडी बेटाला वळसा घालत मोजक्या देवळांपाशी थांबते. आईला चढवताना होडीवाल्या मुलाने दोन्ही हात धरले. यात पायऱ्या थोड्या, वारा भरपूर, आणि मुख्य म्हणजे देवळांची तोंडं नदीकडे का आहेत ते समजतं.

पहिला थांबा वाट फनान चोएंग, पासाक आणि चाओ फ्रायाच्या संगमावर. हे 1324 चं, म्हणजे शहर वसण्याच्याही आधीचं, आणि आजही गजबजलेलं. आत 19 मीटर उंच सोनेरी बुद्ध बसलाय. गाभारा मूर्तीच्या मानाने लहान असल्यामुळे मान पूर्ण मागे टाकल्याशिवाय चेहरा दिसत नाही. शहर पडण्याआधी या मूर्तीच्या डोळ्यांतून अश्रू आले, अशी आख्यायिका आहे. चिनी वंशाच्या थाई लोकांची इथे फार श्रद्धा, त्यामुळे बाजूला चिनी देवस्थानही आहे आणि उदबत्त्यांचा धूर सतत असतो.

आम्ही गेलो तेव्हा वस्त्र चढवण्याचा विधी चालू होता. भक्त भगव्या कापडाच्या घड्या विकत घेऊन देतात. मूर्तीच्या मांडीवर उभे असलेले सेवेकरी खालून फेकलेली घडी अचूक झेलतात आणि खांद्यावर पसरतात. मग वरून त्याच कापडाचे लांब पट्टे खाली सोडतात. समोर बसलेले सगळे लोक त्याखाली झाकले जातात, डोक्यावर कापड धरतात आणि एका सुरात पाली मंत्र म्हणतात. शेजारच्या आजीबाईंनी आईचा हात ओढून तिला कापडाखाली घेतलं. आईला मंत्रातलं "बुद्धं सरणं गच्छामि" ओळखू आलं आणि तिने ते मोठ्याने म्हटलं. सकाळी बिनडोक्याच्या मूर्ती बघितलेल्या त्याच बाईला संध्याकाळी ते जिवंत कापड डोक्यावर मिळालं. मी मुक्कामाचा आग्रह धरते तो यासाठी.

शेवटचा थांबा वाट चायवत्थनाराम. राजा प्रासात थोंगने 1630 मध्ये, आपली आई जिथे राहायची त्या जागी ते बांधायला घेतलं. मधला प्रांग 35 मीटर उंच, घडण ख्मेर, म्हणजे कंबोडियाच्या वळणाची. भोवतीच्या ओवरीत 120 बैठ्या मूर्ती होत्या, बहुतेक आता छिन्न. पारंपरिक थाई कपडे भाड्याने घेऊन तरुण मुलंमुली फोटो काढत असतात, त्याने जागा छान फुललेली वाटते. 2011 च्या पुरात हा सगळा परिसर पाण्याखाली होता. नदीकाठच्या बंदोबस्ताकडे लक्ष द्या, विटांच्या या देवळांना आता सगळ्यात मोठा धोका पाण्याचाच आहे.

बेटाच्या दक्षिणेला पोर्तुगीजांच्या वस्तीचे अवशेषही बघा, गोव्याशी नातं असणाऱ्यांनी तर नक्कीच. पोर्तुगीज सेनापती अल्बुकर्कने 1510 मध्ये गोवा आणि 1511 मध्ये मलाक्का घेतलं, आणि त्याच साली आपला दूत दुआर्ते फर्नांदिस इथल्या राजाकडे पाठवला. युरोपियनांशी अयुथयाचा संबंध तिथून सुरू झाला. चर्चच्या पायाजवळ उत्खननात सापडलेले सांगाडे जागेवरच ठेवलेत. अंड्याच्या बलकापासून केलेले सोनेरी गोड धागे, फोय थोंग, थाई मिठाईत आणण्याचं श्रेय याच समाजातल्या मारिया गुयोमारला देतात.

परतताना बांग पा-इनला उतरलो. उन्हाळी राजवाड्याच्या तळ्यातला 1876 चा मंडप सुरेख आहेच. नदीपलीकडे मात्र राजा चुलालाँगकॉर्नने बांधलेलं वाट निवेत आहे, हुबेहूब गॉथिक चर्च, रंगीत काचांसकट, आणि आत बुद्ध. तिथे जायला तारेवरून सरकणारी छोटी पेटी आहे, ऐच्छिक दान टाकून बसायचं. मला वाटलं, आई नको म्हणेल. तिने फक्त पलीकडे पायऱ्या किती आहेत ते विचारलं आणि माझ्या आधी आत जाऊन बसली.