शिट्ट्यांचा हिशोब

रविवारी सकाळी मटणाच्या दुकानापुढं उभं राहावं आणि कोण काय मागतं ते नुसतं ऐकावं. "मालक, पाव किलो कलेजी." "मांडीचं अर्धा किलो, चरबी कमी." "दोन नळ्या टाका की वर." पलीकडच्या आजींना वजडी हवी असते, एखादा भेजा आहे का म्हणून हळूच विचारतो. सोलापूरची रांग, त्यामुळं मराठी, कन्नड, तेलुगू आणि दखनी एकाच वेळी चालू. शाळेत प्राणी-ऊतींचा, म्हणजे एकसारखं काम करणाऱ्या पेशींच्या गटांचा, धडा घोकताना जे कधी डोळ्यांपुढं आलं नाही, ते इथं हुकाला टांगलेलं असतं. बोकड असो की माणूस, ऊतींचे मुख्य प्रकार चारच : अभिस्तर, संयोजी, स्नायू आणि चेता.

हे वर्गीकरण ज्याच्यापासून सुरू झालं, तो पॅरिसचा झाव्हिए बिशा या दुकानात अगदी रमला असता. १८०१ साली त्यानं शरीरात २१ प्रकारच्या ऊती असल्याचं मांडलं, तेही सूक्ष्मदर्शक न वापरता. त्या यंत्रावर त्याचा विश्वासच नव्हता. तो ऊती कापायचा, उकळायचा, वाळवायचा, कुजत ठेवायचा, आम्लात टाकायचा आणि कोणतं काय किती टिकतं ते बघायचा. पुढच्याच वर्षी, जेमतेम तिशीत, तो गेला. पुढं सूक्ष्मदर्शक सुधारले आणि २१ चे चार झाले. पण उकळून ओळखायची त्याची रीत आमच्या आत्याच्या स्वयंपाकघरात अजून चालू आहे.

आत्याचा कुकर ऊतीप्रमाणं शिट्ट्या घेतो. कलेजी तर कुकरला दाखवायचीच नाही. तव्यावर काळं तिखट घालून दोन-चार उलथ्या मारल्या की झाली. कारण कलेजी म्हणजे बहुतेक सगळ्या अभिस्तर पेशी, एकीला एक चिकटून बसलेल्या, आणि त्यांना बांधणारे धागे अगदी थोडे. (अभिस्तर म्हटलं की आपल्याला फक्त कातडी आठवते. मेमध्ये इथं पारा बेचाळीसच्या पुढं जातो तेव्हा आपण सुकून जात नाही ते कातडीमुळं, हे खरंच. पण घामाच्या ग्रंथी, आतड्याचं अस्तर आणि यकृतही त्याच घराण्यातलं. आतड्याचं अस्तर तर चार-पाच दिवसांत नवं होतं.) भेजा म्हणजे चेता ऊती. त्यात बांधणारे धागे जवळजवळ नसतातच, म्हणून तो चमच्यानंही फुटतो. वजडीत बिनपट्ट्यांचा, आपल्या मर्जीविना चालणारा स्नायू असतो. मांडीतला पट्ट्यांचा स्नायू आपलं ऐकतो. हृदयाचा स्नायू पट्ट्यांचा असूनही कुणाचं ऐकत नाही आणि दिवसाला लाखभर ठोके टाकतो.

माझं मन मात्र संयोजी ऊतीवर आहे. तिचं कौतुक कुणी करत नाही. हाड तीच, कास्थी (म्हणजे कूर्चा) तीच, चरबी तीच, स्नायू हाडाला बांधणारा स्नायुरज्जू आणि हाड हाडाला बांधणारा अस्थिबंधही तीच. फार काय, रक्तसुद्धा तीच. म्हणजे रक्तीची भाजी आणि नळी एकाच जातीची. इतकी वेगवेगळी माणसं एका आडनावाची कशी, तर या घराण्यात पेशी कमी आणि पेशींमधला मालमसाला जास्त. हाडात तो कॅल्शियमच्या क्षारांनी कडक झालेला, रक्तात पातळ, आणि स्नायुरज्जूत कोलॅजेन नावाच्या प्रथिनाच्या दोऱ्यांचा. ते कोलॅजेन पाण्यात तासन्तास शिजलं की त्याचं जिलेटिन होतं. पाया शिजायला वेळ लागतो तो यामुळंच, आणि गार झाल्यावर रस्सा थलथलीत होतो तोही यामुळंच. बोकड म्हातारा असेल तर आत्या दुकानदाराला मनातल्या मनात चार शब्द सुनावते आणि शिट्ट्या वाढवते. वयाबरोबर कोलॅजेनच्या दोऱ्यांत आडवे टाके पडत जातात, धागा आणखी घट्ट होतो. माणसाचंही तेच. सकाळी उठून कंबर सरळ करताना आम्ही दोघं जे आवाज काढतो, त्यात या टाक्यांचाही वाटा आहे.

आत्याचे गुडघे गेलेत. गुडघ्यातल्या कास्थीला रक्तवाहिन्या नसतात. तिला खाणंपिणं मिळतं ते सांध्यातल्या द्रवातून, तेही चालण्या-फिरण्यानं दाब पडेल तेव्हा. म्हणून ती झिजली की भरून येणं कठीण. कुणीतरी सांगितलं म्हणून आत्या दर आठवड्याला मिरपूड घालून पाया सूप पिते. कडक भाकरी चुरून.

एकदा मी तिला सगळं नीट समजावलं. पोटात गेलं की त्या कोलॅजेनचे तुकडे होतात, बरंचसं अमिनो आम्लांपर्यंत जातं, आणि मग शरीर ती हवी तिथं वापरतं. पायाचं सूप पायातच जातं असं काही नाही.

ती वाटी पुसत होती. "मग खिमा कुठं जातो रे?"

"तोही तसाच. तुकडे होऊन."

"बघ की. मग महागाचा खिमा कशाला आणतोस? पुढच्या रविवारपासून पायेच आण. आणि चांगले भाजून घे, मागच्या वेळी केस राहिले होते."