“ताई, गहाळ लिहा ना!”

मोबाईल बसमध्ये चोरीला गेला. तो चोरीला गेलाय हे कागदावर यायला मात्र नऊ दिवस लागले. पिशवीचा आतला कप्पा ब्लेडने कापलेला होता. हे मुद्दाम सांगतेय, कारण पुढे घोडं तिथेच अडलं.

सिम बंद करणं, बँकेला कळवणं हे तासाभरात उरकलं. पोलीस ठाण्यात आधी हद्दीचा घोळ झाला. बस तीन हद्दींतून जाते, तर चोरी नक्की कुठे झाली ते सांगा म्हणे. ते कळलं असतं तर चोराचा हातच नसता का धरला? ‘झिरो एफआयआर’ म्हटल्यावर तो विषय मिटला. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 नुसार हद्द कुठलीही असली तरी दखलपात्र, म्हणजे कोर्टाच्या परवानगीशिवाय पोलीस तपास करू शकतात अशा, गुन्ह्याची माहिती कुठल्याही ठाण्यात देता येते.

मग ठाणे अंमलदारांनी एक छापील अर्ज पुढे सरकवला. विषय : मोबाईल गहाळ झाल्याबाबत.

“साहेब, गहाळ नाही, चोरीला गेलाय.”

“तेच हो. ताई, गहाळ लिहा ना! दाखला लगेच मिळेल, सिम मिळेल, मोबाईल ब्लॉक होईल. अजून काय पाहिजे?”

खोटं नव्हतं ते. सीईआयआर या सरकारी पोर्टलवर हँडसेट ब्लॉक करायला पोलीस तक्रारीची प्रत लागते आणि तिथे गहाळची प्रतही चालते. मीही पेन उचललं होतं. पण कापलेली पिशवी मांडीवरच होती.

दुसऱ्या दिवशी साहेब बंदोबस्ताला. तिसऱ्या दिवशी साहेब कोर्टात. चौथ्या दिवशी साहेब भेटले आणि म्हणाले, “चोराला पाहिलंत का? मग चोरी कशावरून?” मी पिशवी दाखवली. “आधीचीच फाटकी असेल.” त्या बाकावर मी एकूण किती तास काढले त्याचा हिशोब नवऱ्याने ठेवलाय, मी नाही.

शेवटी एका वयस्कर हवालदारांनी बाहेर येऊन सांगितलं, “ताई, मोबाईलचे गुन्हे उघडकीस येत नाहीत हो. आकडा वाढला की वर उत्तर आम्हाला द्यावं लागतं.”

तेव्हा माझा राग चोरावरून उठला आणि आकड्यावर जाऊन बसला. ‘यंदा चोऱ्या घटल्या’ अशी बातमी आली की मी आजवर खुश व्हायचे. गहाळची नोंद म्हणजे गुन्हाच नव्हे. ती वर्षअखेरच्या तक्त्यात जात नाही, गुन्हा म्हणून तिचा तपासही होत नाही. देशभरातल्या गुन्ह्यांची आकडेवारी ठेवणारी एनसीआरबी आपल्या वार्षिक अहवालात स्वतःच बजावते की गुन्हे वाढणं आणि गुन्ह्यांची नोंद वाढणं या वेगळ्या गोष्टी आहेत. म्हणजे आकडा वाढलेलं ठाणं कदाचित जास्त सरळही असेल. बातमीत हे वाक्य कोणी छापत नाही.

घरी बसून लेखी फिर्याद लिहिली. भारतीय न्याय संहिता, कलम 303(2), चोरी. सोबत बिल जोडलं. बिल न्याच, कारण 5000 रुपयांच्या आतली चोरी अदखलपात्र ठरते आणि मग हातात नुसती एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, पडते. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली की एफआयआर नोंदवणं बंधनकारक आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये ललिता कुमारी प्रकरणात सांगितलंय. तेही एका ओळीत घातलं. ठाण्यात अर्ज घेतला, पण पोच दिली नाही. पोच मागायला लाजू नका, मी लाजले. मग तोच अर्ज कलम 173(4) चा उल्लेख करून रजिस्टर पोस्टाने पोलीस उपायुक्तांकडे पाठवला. ग्रामीण भागात पोलीस अधीक्षकांकडे पाठवायचा. तिथेही दाद लागली नाही तर मॅजिस्ट्रेट.

दोन दिवसांनी ठाण्यातूनच फोन आला. “ताई, या, गुन्हा दाखल करायचाय.” तेच टेबल, तेच अंमलदार, चाळीस मिनिटं. जबाब वाचल्याशिवाय सही करू नका. माझ्या पहिल्या मसुद्यात ‘पडला असावा’ असं आलं होतं, ते खोडायला लावलं. एफआयआरची प्रत फुकट मिळते. बाहेर आल्यावर मी ती दोनदा वाचली, निकालपत्रक वाचावं तशी.

मोबाईल मिळाला नाही. तपासात काय झालं ते 90 दिवसांत फिर्यादीला कळवायचं असतं. मला मीच फोन केल्यावर कळलं, आणि पुढे कोर्टात ‘अ’ समरी, म्हणजे तपास बंद करण्याचा अहवाल, पाठवल्याचं समजलं. म्हणजे गुन्हा खरा, आरोपी सापडला नाही. निदान ‘खरा’ तरी.

हो, आयएमईआय, म्हणजे हँडसेटचा ओळख नंबर, राहिलाच! मोबाईल गेल्यावर तो नंबर बघायला स्टार-हॅश-शून्य-सहा-हॅश दाबायचं कशावर? माझं खोकं रद्दीत गेलं होतं, बिलावर नंबर होता म्हणून निभावलं. नव्या मोबाईलच्या नंबरचा फोटो आता बहिणीकडे आहे. तिच्या मोबाईलचा माझ्याकडे.